काप्टेनची टोपी

डार्मश्टाट, ७ जुलै १९५७

ती. नानांना श्रीनाथचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हे नुसतं लिहायचं म्हणून नाही. आमच्या घरमालकीण फ्राउ डिंगेलडाय यांनी जिन्याला आज मेण घासलं आणि सकाळी मी आठही अंगांनी खाली पोचलो. काही मोडलेलं नाही. कुसुमला सांगू नका.

कुसुमऐवजी तुम्हाला लिहितोय, कारण काम तुमच्या खात्याचं आहे. तुम्ही तीस वर्षं कारवारच्या जंगलात रेंजर होतात. मी कागदाच्या लगद्यावर डॉक्टरेट करणारा माणूस, मला कावळा आणि कबुतर यांपलीकडे पाखरं ओळखू येत नाहीत.

तर या घरमालकीणबाई मुलीकडे अर्जेंटिनाला निघाल्यात, पाच महिन्यांसाठी. त्यांचे यजमान बोटीवर इंजिनियर होते. शेवटच्या सफरीत त्यांनी सेलेबेस बेटावरच्या रानातून एक पाखरू आणलं आणि पुढच्या वर्षी ते वारले. चिमणीहून लहान, डोकं, गळा, छाती लालभडक, पंख काळे, चोच जरा बाकदार. जर्मन लोक त्याला होनिगफ्रेसर म्हणतात, म्हणजे मधखाऊ. यजमानांना जन्मभर कप्तान होता आलं नाही, म्हणून बाईंनी पाखराचं नाव काप्टेन ठेवलंय. डोक्यावरचा लाल भाग ही त्याची टोपी.

हा काप्टेन माझ्या गळ्यात पडलाय. "हे बघा, हेर पाटणकर, तुम्ही दोघे एकाच भागातले." मी नकाशा काढून मिरज कुठे आणि सेलेबेस कुठे ते दाखवलं. बाई म्हणाल्या, "गेनाऊ! अगदी बरोबर, दोन्हीकडे गरम." खायला मध, पाणी आणि कसलीशी पूड. प्रमाण विचारलं तर म्हणाल्या, हाताला ठाऊक आहे. तो हात आता अर्जेंटिनाला चाललाय.

आता खरी गोष्ट. कुसुमला इकडे आणायचं तर आम्टाला, म्हणजे इथल्या सरकारी कचेरीला, जागेचा दाखला लागतो आणि त्यावर घरमालकिणीची सही. दोन वर्षं मी त्या सहीसाठी त्यांच्या मागे आहे. परवा त्या म्हणाल्या, "मी येईन तेव्हा काप्टेन असाच जिवंत, असाच लाल दिसला, तर मागची खोलीही तुमची. बायकोला बोलवा." लग्नानंतर कुसुम अकरा महिने माझ्याजवळ होती, आणि आता सव्वादोन वर्षं ती तुमच्याजवळ आहे. म्हणून विचारतो, या प्राण्याला घालू काय?

ता. क. कुसुमने पाठवलेल्या तिखटाचा अर्धा डबा उरलाय. उकडलेल्या बटाट्यावर रोज एक चिमूट. नाताळपर्यंत पुरवायचा आहे.

श्रीनाथ

---

बेळगाव, १९ जुलै १९५७

चि. श्रीनाथराव यांस अनेक आशीर्वाद. पत्र तीनदा वाचून घेतलं. एकदा सासरा म्हणून आणि दोनदा रेंजर म्हणून.

सदर पाखरू आपल्या शिंजिराच्या तोंडवळ्याचं वाटलं तरी शिंजीर नव्हे. आमच्या कॉन्झर्व्हेटर साहेबाकडे बेटांवरच्या पाखरांचं एक चित्रांचं पुस्तक होतं, त्यात मी हे पाहिलेलं आहे. याची जीभ टोकाला कुंच्यासारखी असते, फुलातला मध ती टिपून घेते. वृत्तीने भांडखोर. आपल्या झाडावर दुसऱ्याला बसू देत नाही.

एक भाग मध, सहा भाग उकळून निववलेलं पाणी, दिवसातून तीनदा ताजं. आंबलेलं द्याल तर पाखरू जाईल. नुसत्या मधावर कोणी जगत नाही, बारीक किडे लागतात. केळ्याची सालं बाटलीत कुजू द्या, चिलटं आपोआप येतील. आंघोळीला बशीभर पाणी. खिडकीचा वारा नको.

दमट रानातलं पाखरू थंड मुलखात नेणं हा मुळातच गाढवपणा. ज्यांनी नेलं ते आता हयात नाहीत, त्यांना बोलून उपयोग नाही. जे हयात आहेत त्यांनी विचार करावा.

दिनकर देसाई

(कडेला, आडव्या बारीक अक्षरात:) अहो, शेवटचा टोला पाखराबद्दल नाही, तो माझ्याबद्दल आहे, हे कळलं ना? मी ट्रंक विकत आणली तेव्हापासून नाना असेच बोलतात. त्यांनी ती माळ्यावर चढवून ठेवलीय, वाळवी लागेल म्हणे. लोखंडी ट्रंकेला वाळवी! तुम्ही त्या काप्टेनला जिवापाड जपा. आणि जिन्यावरून पडल्याचं मला कळलंय, पत्र मीच वाचून दाखवते. — कुसुम

---

डार्मश्टाट, १४ ऑगस्ट १९५७

ती. नाना, सा. न.

चिलटांची पैदास उत्तम आहे. इतकी की खालच्या मजल्यावरून तक्रार आली. मी म्हटलं, हे माझं संशोधन आहे. या देशात एवढं सांगितलं की माणूस निमूट खाली जातो.

पण गेल्या आठवड्यातल्या सोमवारी माझ्या हातून एक चूक झाली, ती तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. श्रावणी सोमवार म्हणून मी पूजा केली. दूध, दही, तूप, मध, साखर असं वाटीभर पंचामृत केलं. तूप म्हणजे इथलं लोणी कढवलेलं. मनात आलं, देवाला चालतं ते पाखराला का नको? मध तर त्यात आहेच. काप्टेनला फिरायला खोलीत सोडलं होतं, त्याच्यापुढे वाटी ठेवली. त्याने एक घोट घेतला, मान वाकडी केली, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ वाटीत उतरून आंघोळ सुरू केली. शंकराचा राहिलेला अभिषेक काप्टेनने स्वतःला करून घेतला.

तुपाने पिसं चिकटली. उडायला गेला तो धपकन गादीवर. नाना, मी धावत गेलो. एवढासा जीव, हातात घेतला तर नुसती धडधड. माझा शेजारी सुधीर, तो इथे यंत्रशास्त्र शिकतो, त्याने दाढीच्या ब्रशने आणि कोमट पाण्याने त्याला हळूहळू धुतलं, मी दिव्याची ऊब दिली. दोन तासांनी काप्टेन उठला आणि सुधीरच्या बोटाला चावला. तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

पण आता नवीन काळजी. त्या दिवसापासून पिसं गळताहेत, डोक्याचीही आणि छातीचीही. रोज पिंजऱ्याच्या तळाशी लाल पिसं सापडतात. पंचामृताचा दोष असेल का? नवी येतील ती लाल येतील ना?

श्रीनाथ

---

बेळगाव, २६ ऑगस्ट १९५७

चि. श्रीनाथराव यांस आशीर्वाद.

पंचामृताचा दोष नाही. पाखरं वर्षातून एकदा पिसं बदलतात, तो त्यांचा नियमच आहे. पुढल्या वेळी पूजा करताना पिंजऱ्याचं दार लावा.

रंगाचं म्हणाल तर पिंजऱ्यातल्या पाखराचा लाल रंग बहुधा उतरतो. रानात जे खातात ते पिंजऱ्यात मिळत नाही. त्याला इलाज नाही. मनाला लावून घेऊ नये.

इकडे सर्व ठीक.

दिनकर देसाई

(कडेला:) अहो, इकडे सर्व ठीक नाही. नाना चार ओळींचं पत्र लिहायला दोन तास बसले होते आणि जेवताना तीनदा मीठ मागून घेतलं. आमटी खारट होती हे मला माहीत होतं, ते एरवी ओरडले असते. काय झालंय ते सांगत नाहीत. पाखरू बरं आहे ना? — कुसुम

---

डार्मश्टाट, २० सप्टेंबर १९५७

ती. नाना, सा. न.

हे पत्र एका पाकिटात घालून वर तुमचं नाव लिहिलंय आणि 'खासगी' असंही. कुसुमला तुम्हीच सांभाळून सांगा.

काप्टेनच्या डोक्याची पिसं पूर्ण आली. टोपी आता लाल नाही. जुन्या विटेला बुरशी लागावी तसा पिवळट काहीतरी रंग आहे. छातीची अजून गळताहेत, मधूनमधून कोंब दिसतात, तीही अशीच निघणार. बाकी तो ठणठणीत आहे, खातो, ओरडतो, आरशातल्या काप्टेनशी भांडतो. त्याला स्वतःला काही वाटत नाही. वाटतं ते मलाच.

सुधीर म्हणाला, तू रसायनवाला, रंग लाव. माझ्याकडे देवपूजेचं कुंकू आहे, एका पोरीची लिपस्टिकसुद्धा तो कुठून तरी घेऊन आला. मी काप्टेनकडे पाहिलं, काप्टेनने माझ्याकडे पाहिलं. नाही जमलं. तो चोचीने पिसं साफ करतो, पोटात जाईल. आणि फ्राउ डिंगेलडायना मी काय सांगणार, की तुमच्या यजमानांची शेवटची वस्तू मी रंगवून ठेवलीय?

मी बरेच दिवस कुठेतरी इलाज असेल म्हणून शोधत होतो. विद्यापीठात कोणाला तरी विचारावं असंही आलं मनात. पण मग म्हटलं, नाना म्हणतात नाही, म्हणजे नाहीच. तुमच्याइतकं पाखरांतलं मला कोण सांगणार? तेव्हा यंदा कुसुमचं येणं बहुतेक होत नाही. मागच्या खोलीच्या खिडकीला मी पडद्याचं माप घेऊन ठेवलं होतं. असो.

श्रीनाथ

---

बेळगाव, ३० सप्टेंबर १९५७

चि. श्रीनाथराव,

या पत्राला कडेला काही सापडणार नाही, कारण हे मी पोस्टात उभं राहून लिहितोय.

मागे मी लिहिलं की उतरलेल्या रंगाला इलाज नाही. ते खोटं आहे. इलाज आहे आणि तुमचं ऑगस्टचं पत्र ऐकतानाच तो मला आठवला होता.

दांडेलीला आमच्या कॉन्झर्व्हेटर साहेबाच्या मडमेने कॅनरी पाळली होती. पिसं बदलायच्या दिवसांत ती तिला उकडलेल्या अंड्याच्या बलकात लाल मिरचीची पूड कालवून देई. मिरची पुरवायचं काम माझ्याकडे. ब्याडगीची लागायची, रंगाला गडद आणि चवीला मवाळ. पण चवीचा प्रश्नच नाही, पाखराला तिखट लागत नाही, म्हणून तर पोपट मिरच्या फस्त करतो. पिवळी कॅनरी केशरी झालेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. मात्र पीस कोंबात असताना दिलं तरच रंग भरतो, एकदा पूर्ण आलं की पुढच्या वर्षापर्यंत काही होत नाही. साधारणपणे डोकं शेवटी येतं, तुमच्याकडे उलटं झालं, पिंजऱ्यात वेळापत्रक बिघडतं. टोपी गेली ती माझ्यामुळे गेली. छाती अजून हातात आहे.

विमानाने मिरची आजच पाठवतोय, पण तिची वाट पाहू नका. तुमच्याकडे कुसुमचा डबा आहे. पत्र खाली ठेवा आणि अंडं उकडा.

का लपवलं ते सांगतो. कुसुमची आई गेल्यापासून या घरात माझ्याशी भांडणारं दुसरं कोणी नाही. सकाळी चहातल्या साखरेवरून ती भांडते आणि माझा दिवस सुरू होतो. त्या पाखराची टोपी लाल झाली की पोर जाणार, हे मला दिसत होतं. म्हटलं, मी काही केलं नाही, नुसतं बोललो नाही. एक वर्ष मिळेल. मग तुमचं पत्र आलं, त्यात "नाना म्हणतात नाही, म्हणजे नाहीच." तीस वर्षांत लाकूडचोरांनी मला पुष्कळ फसवलं, पण मी त्यांच्यावर कधी विश्वास टाकला नव्हता. तुम्ही माझ्यावर टाकलात. मला फार लाज वाटली.

कुसुमला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

दिनकर

---

डार्मश्टाट, ३ नोव्हेंबर १९५७

ती. नाना, सा. न.

उत्तराला उशीर झाला. पहिले दोन दिवस मला तुमचा राग आला होता, आणि रागात लिहिलेलं पत्र सासऱ्याला पाठवू नये एवढं वळण मला आहे. मग काप्टेनला पाहत बसलो आणि लिहायचं राहून गेलं.

अंडं मी आयुष्यात पहिल्यांदा उकडलं. मिरजेला आमच्या घरी कळवू नका. बलकात तिखट कालवताना मी अकरा शिंका दिल्या, सुधीरने सात. काप्टेनने मधात घोळवलेली ती गोळी चाखली, चोच पुसली आणि आणखी मागितली. डबा पंधरा दिवसांत त्याने संपवला. नंतर तुमची ब्याडगी आली. तीही त्यालाच. मी महिनाभर बटाटे मिठाशी खातोय. शेजारच्या पिंजऱ्यात, नव्हे, शेजारच्या खुर्चीत बसून, तो माझ्या बायकोच्या हातचं तिखट खाताना बघत.

नाना, छाती लाल आली! पहिल्यांदा गळ्याखाली ठिपका, मग दोन, मग एके दिवशी सकाळी पाहिलं तर सगळी. मी सुधीरला झोपेतून ओढून आणला. त्याने डोळे चोळले आणि म्हणाला, टोपी मात्र पिवळीच राहिली रे. तसंच आहे. लाल कोट आणि पिवळी टोपी. असा काप्टेन कुठल्याच बोटीवर नसेल. बाई यावर सही करतील की नाही, मला सांगता येत नाही. त्या पाच डिसेंबरला पोचतात.

कुसुमला मी काही कळवणार नाही. ते काम तुमचं. तिच्याशी भांडायची संधी मी तुमच्याकडून काढून घेऊ इच्छित नाही.

श्रीनाथ

---

डार्मश्टाट, ८ डिसेंबर १९५७

ती. नाना आणि कुसुम, दोघांना मिळून हे पत्र.

बाई आल्या. मी दारातच सगळं सांगायचं ठरवलं होतं, पाठही केलं होतं. पण त्या सामान टाकून तडक पिंजऱ्याशी गेल्या. मी मागे उभा. त्या वाकून आत पाहू लागल्या. काप्टेनने पिवळी टोपी या बाजूने दाखवली, त्या बाजूने दाखवली.

मग बाईंनी स्वतःच्या डोक्यावरची हॅट काढली. जाताना त्यांचे केस तपकिरी होते, आता सगळे पांढरे. मुलीने म्हणे सांगितलं, आई, आता पुरे तो रंग.

"हो, हो, काप्टेन," त्या म्हणाल्या, "तूही?" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घरी आल्यावर टोपी काढायची असते. हे मी माझ्या नवऱ्याला तीस वर्षं सांगत होते. त्याने कधी ऐकलं नाही, याने ऐकलं."

तरीही मी सगळं सांगितलं. पंचामृत, तूप, दाढीचा ब्रश, मिरची. मिरचीवर त्यांचा विश्वास बसेना. बोट बुडवून त्यांनी चाखली आणि मग पाव तास आम्ही त्यांना दूध पाजत होतो. आवाज परत आल्यावर विचारलं, "हे पाठवलं कोणी?"

"सासऱ्यांनी."

"जिला बोलवायचंय तिच्या वडिलांनी?"

"हो."

बाई उठल्या. मग शिवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी दाखल्यावर सही केली, शिक्का नव्हता म्हणून खाली दुसऱ्यांदा सही केली. म्हणाल्या, "त्यांना लिहा, मीही आत्ताच मुलीला बंदरावर सोडून आलेय. मला ठाऊक आहे कसं असतं. तुमची बायको आली की दर रविवारी याच टेबलाशी बसून ती वडिलांना पत्र लिहील. नाही लिहिलं तर खोली काढून घेईन."

तेव्हा कुसुम, ट्रंक माळ्यावरून काढ. वाळवी लागली असेल तर कळव.

श्रीनाथ

---

बेळगाव, २ मार्च १९५८

चि. श्रीनाथराव यांस अनेक आशीर्वाद.

काल मुंबईहून परत आलो. कुसुम बोटीत नीट बसली. रुमाल मी हलवला नाही, छत्री हलवली, लांबून दिसते म्हणून. जिनोआच्या बंदरावर तुम्ही वेळेच्या आधी हजर राहा. तिला वाट पाहायला लावलीत तर पुढचा आठवडा तुमची धडगत नाही.

मिरचीचा इलाज लपवल्याची गोष्ट मी तिला जानेवारीत सांगितली. चार दिवस ती भांडली नाही. चहात साखर कशीही पडो, एक शब्द नाही. पोरगी किती रागावली आहे ते मला तेव्हा कळलं. पाचव्या दिवशी म्हणाली, "नाना, साखर जास्त झालीय," आणि मी कपभर चहा ओतून टाकून पुन्हा केला. इतका आनंद मला बढतीनेही झाला नव्हता.

तिच्या ट्रंकेत ब्याडगीचे दोन डबे आहेत. मोठ्यावर मी चिठ्ठी लावलीय, 'काप्टेन यांजकरिता, जावयांनी हात लावू नये.' यंदा पिसं गळू लागली की पहिल्या दिवसापासून सुरू करा, टोपी परत येईल. फ्राउ डिंगेलडाय यांना माझा नमस्कार सांगा. टोपीबद्दल त्या जे बोलल्या ते मी वहीत उतरवून ठेवलं आहे.

घरात आवाज नाही. सवय होईल. परसातल्या जास्वंदीवर शिंजिराची जोडी येते, सकाळचा चहा मी तिकडेच घेतो. नर फार भांडखोर आहे, आरसा मिळाला नाही म्हणून माझ्या चष्म्याशी भांडतो. तात्पुरती सोय आहे.

एक मागणं आहे. तुमच्या देशात ऊन कमी, माणसं अनोळखी, भाषा परकी. दमट रानातलं पाखरू तिकडे येतंय. दर पत्रात तिचा रंग कसा आहे ते लिहा. खुलला तर लिहा, उतरला तरी लिहा. इलाज मला ठाऊक असेल तर मी तो पहिल्या टपालाने पाठवीन, आणि या खेपेला लपवणार नाही. तुम्हीही लपवू नका.

नाना